एक मुक्काम जास्तीचा

मधुकररावांच्या मते प्रवास म्हणजे नातेवाईक, आणि दोन नातेवाइकांच्या मधे जे लागतं तो रस्ता. कारंजा घाडगेला हमरस्त्यावर त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. दारावरून रात्रंदिवस देशभरचे ट्रक जायचे, पण जिथं आपलं माणूस नाही अशा गावी मधुकरराव स्वतः जन्मात उतरले नव्हते. गावात नातेवाईक असून आपण न थांबता पुढं गेलो तर तो अपमान, आणि थांबून न जेवता उठलो तर त्याहून मोठा अपमान. म्हणून दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर समुद्र पाहायला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी नकाशा काढला नाही, फोनची वही काढली. हैदराबादला चुलतभाऊ प्रभाकरराव, काकीनाड्याला बायकोची आतेबहीण मंदाबाई, विशाखापट्टणमला मुलगी अंजू. एवढी आपली माणसं वाटेवर बसलेली असताना समुद्र काय, तो कुठं पळून जात नव्हता.

सुमो मुलगा गजेंद्र चालवायचा. शेजारी मधुकरराव, मधल्या सीटवर सुलोचनाबाई आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली आठ वर्षांची नात, आणि अगदी मागं, सामानात, सून हर्षा. मागची सीट तिची कशी झाली हे कोणी ठरवलं नव्हतं. त्या घरात बऱ्याच गोष्टी कोणी न ठरवता ठरायच्या.

हर्षाच्या पायाजवळ निळी रेक्झिनची बॅग असायची, झोपतानाही ती तिच्या उशाशी असायची. बॅगेत साड्यांच्या घडीत एक फाइल होती. त्या फाइलीत तिचं डी.एड.चं प्रमाणपत्र, बाकीचे मूळ कागद आणि दिवाळीच्या चार दिवस आधी रजिस्टरनं आलेला आदेश. शिक्षणसेवक म्हणून तिची निवड झाली होती. शुक्रवार, बावीस नोव्हेंबर, सायंकाळी पाच वाजेपर्यंत समुद्रपूरच्या पंचायत समितीत मूळ कागदांसह हजर व्हायचं. कागद नसतील तर हजर करून घेणार नाहीत, आणि मुदत टळली तर निवड आपोआप रद्द. लग्नाआधी केलेलं डी.एड. बारा वर्षं ट्रंकेत पडून होतं, आणि पुढच्या भरतीला ती वयात बसणार नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते आत्ताच.

गंमत अशी की घरात कोणीही नाही म्हटलं नाही. सासूबाई म्हणाल्या, चांगलं झालं. गजेंद्रनं दुकानात खोटी नोट तपासावी तसा आदेश उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, जा ना, मी कुठं अडवतो. मधुकररावांनी पेढे आणायला सांगितले. फक्त हजर होईपर्यंत बाहेर कोणापाशी बोलायचं नाही, माहेरीसुद्धा नाही, नजर लागते, असं बजावलं. आणि त्याच दिवशी जेवताना, दहा वर्षं नुसता बोलण्यात असलेला समुद्राचा प्रवास त्यांनी पक्का करून टाकला. आठला निघायचं, अठराला परत.

"समुद्रपुरात नोकरी करण्याआधी समुद्र त पाहून घे," ते सुनेला म्हणाले, तेव्हा ताटावरचे सगळे हसले. हर्षाही हसली. परत आल्यावर चार दिवस हातात राहत होते, आणि खरं सांगायचं तर तिला समुद्र पाहायचाच होता. आपल्या त्या हसण्याचा तिला नंतर फार राग आला.

जाताना पहिल्याच दिवशी वडनेर लागलं. वडनेर म्हणजे हर्षाचं माहेर. आईवडील गेलेले, थोरला भाऊ रूपराव आणि वहिनी छाया शेती करून राहत होते. तीन वर्षांत ती तिथं एक रात्रही राहिली नव्हती आणि या भाऊबीजेलाही प्रवासाच्या तयारीमुळं जाणं झालं नव्हतं. मधुकरराव पुढून म्हणाले, येताना थांबू. नातेवाइकाचं गाव टाळायचं नाही हा त्यांचा नियम सुनेच्या माहेराला लागू नव्हता, आणि तसं सांगायची गरजही कोणाला वाटली नाही. हर्षानं मागच्या काचेतून पांढरं झालेलं कापसाचं रान पाहिलं आणि गाडी निघून गेली.

हैदराबादला एक रात्र ठरली होती, झाल्या दोन. प्रभाकररावांनी सकाळच्या जेवणाला शेजारचे चार मराठी लोक बोलावून ठेवले होते, त्यांच्यासमोरून उठून जायचं कसं. नंतर मछलीपट्टणम. तिथं कोणीच नातेवाईक नव्हता, आणि म्हणूनच तिथं थोडा वेळ समुद्र दिसला.

हर्षाला वाटलं होतं किनारा पिवळ्या वाळूचा असेल. तिथं निघाली काळी माती, थेट वडनेरच्या शेतातली. पाणी उथळ होतं, लांबवर चालत जावं तरी गुडघ्याएवढंच. ती साडी खोचून आत गेली. लाट परतताना तळव्याखालची माती ओढून नेत होती आणि ती पुन्हा पाय रोवत होती. पोरगी तिचा हात धरून ओरडत होती. बारा वर्षांत आपण कोणाच्या ताटाकडं न पाहता इतका वेळ उभ्या राहिलो नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मधुकररावांनी किनाऱ्यावरून हाक मारली. काकीनाड्याला मंदाबाई पुरणाच्या पोळ्या करून बसल्या होत्या.

मंदाबाईंकडं समुद्र गच्चीवरून दिसायचा, कारखान्याच्या दोन धुराड्यांच्या मधून. बाकी तीन दिवस खाली स्वयंपाकघरात गेले. पाहुण्यांची सून असली तरी सूनच ती, पोळ्या लाटायला बसायला तिला कोणी सांगितलं नाही आणि कोणी उठही म्हटलं नाही. निघताना ओटी भरली. हैदराबादची ओटी, काकीनाड्याची ओटी. मागच्या सीटवर नारळ आणि खणांचा ढीग वाढत गेला आणि वळणावर नारळ तिच्या घोट्यांवर येऊन आदळू लागले.

विशाखापट्टणमला अंजूनं कमाल केली. निघायच्या दिवशी, सतरा तारखेला, सगळे चपला घालून उभे, आणि सुलोचनाबाईंची बॅगच सापडेना. आपल्याकडं ही रीतच आहे. पाहुण्याला आणखी एक दिवस ठेवून घ्यायचं असेल तर तोंडानं आग्रह करायचा नाही. त्याची बॅग धान्याच्या कोठीत नाहीतर पलंगाच्या पेटीत दडवायची. पाहुणा रागावल्यासारखं करतो, यजमान हात वर करतो, आणि मुक्काम वाढतो. ज्याची बॅग कोणी लपवत नाही त्यानं समजून घ्यावं की आपण जास्त झालो. अंजूनं आईची बॅग वॉशिंग मशीनमध्ये लपवली होती. सापडली तेव्हा मधुकरराव डोळे पुसेपर्यंत हसले.

त्या संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर गेले असताना हर्षानं गजेंद्रला बाजूला गाठलं. उद्या अठरा, असं ती म्हणाली. उद्या निघू, तो म्हणाला. चार दिवस आहेत अजून, मी स्वतः तुला समुद्रपूरला सोडेन, दारापर्यंत.

गजेंद्र वाईट माणूस नव्हता, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. दुकानात एखादा नट, एखादा पाइप नसला तर त्यानं गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलं नाही. उद्या येजा, म्हणायचा. उद्या गिऱ्हाईक आलं की पुन्हा उद्या. दहा वेळा चकरा मारून ते आपोआप दुसऱ्या दुकानात जायचं, आणि गजेंद्रचं कोणाशी भांडण व्हायचं नाही. वडिलांशी त्याचा जन्म असाच निभला होता. समोर समुद्र एवढा मोठा आणि हर्षाला तिथं उभं राहून श्वास पुरेना. पळून जायचं म्हटलं तरी जायचं कुठं. भाषा कळत नाही, पैसे गजेंद्रच्या खिशात, पोरगी सासूच्या हाताशी. ती परत येऊन भेळेचे कागद गोळा करू लागली.

अठराला निघायला दुपार झाली. परतीच्या वाटेत हैदराबाद टाळणं शक्यच नव्हतं, तिथं आणखी एक दिवस गेला, एक अर्धा दिवस गाडीच्या कामात गेला. गुरुवारी, एकवीस तारखेला, दुपारी चारला सुमो वडनेरला रूपरावच्या अंगणात शिरली तेव्हा हर्षाच्या जिवात जीव आला. इथून समुद्रपूर पंचेचाळीस किलोमीटर. हिंगणघाट, मग जाम, आणि जामहून आत. शाळेत असताना ती तिकडच्या स्पर्धांना गेली होती. सकाळच्या कोणत्याही गाडीत बसली तरी अकराच्या आत टेबलासमोर उभी.

रूपरावला बहीण आलेली पाहून काय करू आणि काय नको झालं. छायानं चुलीवर वांग्याचं भरीत लावलं. हर्षाच्या ओठांवर चारदा आदेशाचं आलं, पण सासरे ओसरीवरच बसले होते, आणि तिलाही वाटलं, एवढं पाळलं तर एक रात्र आणखी. उद्या हजर होऊन पेढे घेऊनच सांगू. गजेंद्रनं सकाळी आठला निघायचं कबूल केलं. ती तेरा दिवसांत पहिल्यांदा बॅग उशाशी न घेता, ओसरीच्या कोपऱ्यात ठेवून, छायाजवळ आत झोपली.

सकाळी बॅग नव्हती.

छाया हसली. सुलोचनाबाई हसल्या. रूपराव पहाटेच शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर कापूस घालून विकायला हिंगणघाटच्या यार्डात गेला होता आणि जाताना बायकोला एवढंच म्हणाला होता की हर्षूची बॅग लपवली आहे, आज तिला जाऊ द्यायचं नाही. कुठं लपवली ते त्यानं छायालाही सांगितलं नव्हतं, बायकांच्या पोटात राहत नाही म्हणून. हर्षानं कोठी पाहिली, माळा पाहिला, गोठ्यात ढेपेच्या पोत्यामागं पाहिलं. तोंड हसरं ठेवावं लागत होतं.

गजेंद्र म्हणाला, घाबरू नको. रूपरावदादा अकरापर्यंत येतोच म्हणाला होता. आला की बॅग घ्यायची आणि तसंच गाडीत बसायचं, तासाभराचा तर रस्ता. तोवर मी बाबांना नदीकाठचं जुनं देऊळ दाखवून आणतो. तो वडिलांना, आईला आणि पोरीला घेऊन सुमोनं गेला. अकरा वाजले, बारा वाजले. ना ट्रॅक्टर आला, ना सुमो. छाया म्हणाली, यार्डात गाड्यांची रांग असते, वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत कधी कधी अंधार पडतो. हे ती भाजी चिरता चिरता, अगदी सहज बोलली.

एक वाजता हर्षानं पायात चप्पल सरकवली. दादाला भेटून येते, एवढंच तिनं छायाला सांगितलं. छायानं ओढून धरलं नाही. डब्यातून वीस रुपये काढून तिच्या हातात कोंबले, कारण नणंदेच्या हातात पर्स नव्हती हे तिनं पाहिलं होतं. बस आली नाही. दीड तासानं एक काळीपिवळी जीप आली, तिच्यात चौदा माणसांत हर्षा पंधरावी बसली. ड्रायव्हर प्रत्येक फाट्यावर थांबून आणखी एकाला हाका मारायचा. तिनं शेजारच्या माणसाला तीनदा वेळ विचारली, तेव्हा त्यानं घड्याळाचा हात तिच्याकडं करूनच ठेवला.

हिंगणघाटच्या यार्डात कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर आली होती. बैलबंड्या, ट्रॅक्टर, टेम्पो, सगळीकडं उडणारा कापूस, नाकात जाणारी सरकीची धूळ. ती एकेका ट्रॉलीजवळ जाऊन वर पाहत होती. माणसं तिच्याकडं पाहत होती. पावणेचारला, काट्याच्या अगदी जवळ, रिकाम्या होत चाललेल्या ट्रॉलीवर तिला रूपराव दिसला. डोक्याला शेला, मिशांना कापूस लागलेला. तिला पाहून तो उडी मारूनच खाली आला.

"काऊन वं हर्षू, इकडं कशी?"

"माही बॅग कुठं हाय, दादा?"

रूपराव इतका हसला की रांगेतले दोघंचौघंही हसले. बॅगेसाठी तू इथवर आली, म्हणून त्यानं कपाळाला हात लावला. मग मोठं गुपित सांगावं तसा जवळ आला.

"माह्यापाशी कुठं हाय ते? तुह्या गाडीतच हाय, मागच्या शिटाखाली. जवाईबुवांनीच ठेवली. काल मले बाजूला घेऊन म्हणे, हर्षाले एक दिवस माहेरी राह्याचं हाय, पण बाबांसमोर बोलाले लाजते. तुमी बॅग लपवल्याचं सांगा, म्हणजे बाबा काही म्हणत नाई. आन् उद्या लवकर घरी येऊ नका म्हणे, नाई त ते लगेच निघून जाईल." त्यानं शेल्याच्या टोकानं मिशा पुसल्या. "तीन साल झाले, तू एक रात्र राह्यली नाई. मी छायाले म्हटलं, असा जीव लावणारा जवाई नशिबानं भेटते."

हर्षा उभी होती तिथंच उभी राहिली. बॅग सुमोत होती आणि सुमो कुठल्याशा देवळापाशी. पाच वाजायला सव्वा तास होता. गाडी आत्ता मिळाली असती तरी आधी मागं वडनेर, मग पुन्हा इथं, मग जाम, मग समुद्रपूर. आणि गाडी आत्ता मिळणार नव्हती. हे सगळं तिनं मनात दोनदा केलं आणि दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. गेले चौदा दिवस ती ज्याला प्रेमाचा आग्रह समजत होती, तो आग्रह तिच्यासमोर आपल्याच भावाच्या तोंडानं बोलत होता.

सांगून टाकावं असं तिला फार वाटलं. दादा, आज पाच वाजता माझी नोकरी जाणार आणि ती तुझ्याच हातानं घालवली त्यांनी, एवढं एक वाक्य. पण त्या वाक्यानंतरचा रूपराव तिला आधीच दिसला. जावयाला अरे म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. तो भांडला असता तर सासरच्यांनी तिला पुन्हा वडनेरचं तोंड पाहू दिलं नसतं. आणि भांडला नसता, तर हा माणूस बहिणीचा एक दिवस आठवून आठवून रात्री जागा राहिला असता, मरेपर्यंत. ती इतकी चिडली होती की तिचे दात एकमेकांवर घासत होते, आणि चिडायला समोर एकही माणूस नव्हता, फक्त शेल्यानं मिशा पुसणारा हा भाऊ.

"मंग काऊन आली तू, खरं सांग," रूपराव म्हणाला.

"तुह्यासंग ट्रॉलीत बसून घरी जाव वाटलं," हर्षा म्हणाली. "लहानपणी जावो तसं."

त्यानं तिच्यासाठी गाड्यावरून आलुबोंडे आणले, दोन प्लेट, वर तळलेल्या मिरच्या. ती आवडीनं खाते की नाही ते पाहत समोर उकिडवा बसला. तिनं दोन्ही प्लेटा संपवल्या. यार्डाच्या कार्यालयावरच्या घड्याळात पाच वाजले ते तिनं पाहिलं, आणि मिरचीचं देठ कागदात गुंडाळून टाकलं.

परत येईपर्यंत दिवेलागण झाली होती. रिकाम्या ट्रॉलीत रूपराव तिला वाटभर कोणाचं शेत कोणी घेतलं, कोणाची पोरगी कुठं दिली ते सांगत होता, आणि ती हं म्हणत होती. अंगणात सुमो उभी होती. मधुकरराव ओसरीवर चहा पीत होते. देऊळ फार जुनं आहे, असं त्यांनी सुनेला सांगितलं, आणि नोकरीचं काही विचारलं नाही. आज कोणती तारीख आहे हे जणू त्या घरात कोणाला माहीतच नव्हतं.

गजेंद्र गाडीच्या मागं उभा होता. त्यानं बॅग काढून तयार ठेवली होती, आणि ती आता रडेल, आरडाओरड करेल म्हणून तो दारापासून दूर, गोठ्याच्या बाजूला सरकला. हर्षानं बॅग घेतली. चेन उघडून फाइल आहे का ते पाहिलं. फाइल होती.

"मामाजींनी सांगतलं होतं का?" तिनं ओसरीवरच्या सासऱ्यांकडं पाहत विचारलं.

"बाबा फक्त इतकंच म्हणे, की घरात वाद नको, आपोआप टळलं त बरं," गजेंद्र म्हणाला. मग पायानं माती उकरू लागला. "मले तुले नाई म्हणता येत नव्हतं, हर्षा."

ते खरं होतं, आणि त्यानं तिचा राग आणखीच वाढला. आत रूपरावचा आवाज येत होता. तो भाचीला खांद्यावर घेऊन ओसरीभर फिरवत होता आणि छायाला मोठ्यानं सांगत होता की उद्याही कोणी जायचं नाही, उद्या आपल्याकडं रोडग्यांचं जेवण. मधुकरराव कधी नव्हे ते हो म्हणत होते. आता त्यांना कसलीच घाई नव्हती.

हर्षानं चेन लावली. "एक करजा," ती म्हणाली. "दादाले हे कधीच कळू देऊ नका. त्याले वाटते त्यानं मले एक दिवस माहेर देल्लं."

गजेंद्रनं इतक्या पटकन मान हलवली की त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं तिला स्पष्ट दिसलं. "नाई सांगत," तो म्हणाला, "माह्या गळ्याची शपथ, मरेपर्यंत नाई सांगत." या प्रवासात त्यानं दिलेला हा एकच शब्द असा होता, की तो पाळेल याची तिला पक्की खात्री होती.